आर्वीच्या ओट्यावरची रिकामी जागा

१. आज वर्ष झालं. माझ्या भावाची मुलगी आर्वी, वय नऊ, तापाने गेली.

२. मागच्या रविवारी गावात, शाळेच्या पटांगणात, तिच्या आठवणीत कार्यक्रम झाला. मुलांची गाणी, लेझीम आणि आर्वीच्या चित्रांचं प्रदर्शन. चित्रं विकून शाळेतल्या मुलांना रंग, ब्रश, कागद घ्यायचं ठरलं होतं.

३. तिची सगळी चित्रं मी स्वतः चित्रकलेच्या सरांकडे नेऊन दिली. घरी एकही ठेवलं नाही. सर म्हणाले होते, “जशीच्या तशी लावतो.”

४. भिंतीवर लागली ती तिची चित्रं नव्हती.

कागद तिचाच होता. कोपऱ्यातलं नावही तिच्याच अक्षरात.

बाकी सगळ्यावर सरांनी हात फिरवला होता.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगते. आमच्याकडे शाळेतलं चित्र स्पर्धेला किंवा प्रदर्शनाला जायच्या आधी सर त्यावर हात फिरवतात. रेघ सरळ करतात, आभाळ भरतात, सावली देतात. कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

सातवीत माझ्या चित्राला बक्षीस मिळालं होतं. याच सरांच्या हाताखाली.

ते बक्षीस कोणाचं, हा प्रश्न मला मागच्या रविवारपर्यंत पडला नव्हता.

आर्वीच्या म्हशीला पाच पाय होते.

मी एकदा तिला ते मोजून दाखवले. म्हणाली, “आत्या, ते चालून राह्यली ना. उभी असती तं चारच काढले असते.”

मी ड्राफ्टिंग करते, इमारतींचे नकाशे काढते. रोजचं काम रेघांचंच. तिच्या म्हणण्यात मला चूक सापडली नाही.

रविवारी म्हैस चार पायांवर उभी होती. पाठीवर उन्हाची चमक, खाली व्यवस्थित सावली.

तरी म्हशीचं मी सोडून दिलं असतं.

शेवटचं चित्र आमच्या घरच्या ओट्याचं होतं. दादा, वहिनी आणि आर्वी ओट्यावर बसलेले. आर्वीच्या शेजारी जागा रिकामी.

ती जागा का रिकामी होती हे मला माहीत आहे, कारण तिने फोनवर सांगितलं होतं.

“आत्या, तू कवा येशीन? तुह्यासाठी जागा सोडली.”

“फोटो पाहून काढ ना.”

“नाही. तू बसशीन तवाच काढीन.”

“शनिवारी येते.”

शनिवारी मी आले. तेव्हा ती बुलढाण्याला दवाखान्यात होती.

त्या जागेवर आता मोर आहे. पिसारा फुलवलेला, चंदेरी रंग लावलेला.

आर्वी मोर काढायच्या भानगडीत कधीच पडली नाही. “लय पिसं असतात,” म्हणायची.

एक पाहुणे त्या मोरासमोर उभे राहून माइकवर बोलले. एवढ्या लहान वयात किती सफाईदार हात, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

नंतर सरांना बाजूला घेऊन विचारलं.

“बेटा, जरासा हात फिरवला. बाहेरून पाहुणे येऊन राह्यले, अन् कच्चं काम भिंतीले लावावं का? लेकराचं नाव झालं पाह्यजे.”

“सर, आर्वीच्या शेजारची जागा तिने मुद्दाम सोडली होती.”

“हो का? मले ते खाली खाली दिसलं. म्हणून मोर टाकला.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी तिच्यासाठी काहीतरी केलं.

मग दादा आला. म्हणाला, “सरनं मले इचारलं होतं. मीच हो म्हणलं.”

“मले काऊन नाही सांगतलं?”

“तू नाही म्हणली असती.”

मग म्हणाला, “लोकं हासले असते वं त्या म्हशीले. मले नसतं पाह्यवलं.”

सरांवरच्या रागाचं काय करायचं ते मला कळतं. दादावरच्या रागाचं कळत नाही.

मांडव सोडायला घेतला तेव्हा वहिनी मला ओट्याच्या चित्रासमोर घेऊन गेली.

“ताई, तुमी नकाशे काढता ना. सांगा, याच्यात तिची रेघ कोणती?”

फ्रेमच्या काचेवर ती एकेका रेघेवर बोट ठेवत गेली. हे का? हे का?

मला सांगता आलं नाही. पोस्टर कलर जाड असतो. खालची पेन्सिल दिसत नाही.

तेवढ्यात ते चित्र उतरवून कागदात गुंडाळलं गेलं. विकलं गेलं होतं.

वहिनीचं बोट तसंच पुढे राहिलं.

मुंबई-पुण्याच्या मैत्रिणी म्हणतील, कार्यक्रम चांगल्या कामासाठी होता. होता. मुलांना रंग मिळतील, त्याचा मला आनंद आहे. पण आमच्या घरात आर्वीच्या हातची एकही रेघ उरलेली नाही, आणि ती आमच्याच माणसांनी घालवली.

घरी परतल्यावर मला एक गोष्ट आठवली.

आर्वी पेन्सिल फार दाबून धरायची. टोक सारखं मोडायचं. कागद उलटा केला की रेघ मागून बोटाला लागायची.

रंग समोरून चढलाय. मागून नाही.

म्हणून ज्यांनी चित्रं घेतली त्यांना विनंती. मी चित्र परत मागत नाही. फक्त फ्रेम मागून उघडू द्या आणि वहिनीला कागदाच्या पाठीवर बोट ठेवू द्या. फ्रेम मी स्वतः पहिल्यासारखी बंद करून देईन.

सर, तुम्ही हे वाचाल. कोणतं चित्र कोणाकडे गेलं ते तुम्हाला माहीत आहे. ओट्याचं आधी सांगा.

आर्वी, मोराच्या मागे कागद गुळगुळीत लागेल. तिथे तू काहीच काढलेलं नाहीस. ती जागा मला सापडेल.

येत्या रविवारी मी गावात आहे. शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा.