आयरिश छापखानेवाल्याने बुडवलेलं माझं इंग्रजी

मॅट्रिकला माझं इंग्रजी गेलं ते डब्लिनच्या एका छापखानेवाल्यामुळे. तो माझ्या जन्माच्या दोनशे वर्षं आधीच मेलेला, त्यामुळे त्याला जाब विचारायची सोय नाही. ज्यांना विचारता आला असता ते माझे सासरे, आणि सासऱ्यांना जाब विचारायची पद्धत तेव्हा ठाण्याच्या आमच्या नौपाड्यात नव्हती. मी आपली चिडून पोळ्या जाड लाटायचे. मामंजींच्या ते कधी लक्षात आलं नाही.

माझं माहेर कल्याणचं. शाळा अर्धवट टाकून मी बोहल्यावर चढले आणि ठाण्याला आले. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या मागच्या आळीत एक बालवर्ग निघाला. तिथल्या मुख्य बाई मला म्हणाल्या, "मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणा, जूनपासून लहान गट तुमच्याकडे." मला मुलांचं फार वेड होतं अशातला भाग नाही. पण सकाळी साडेदहाला घराबाहेर कुठेतरी कोणीतरी आपली वाट बघतंय, ही कल्पनाच मला इतकी आवडली की मी त्याच दिवशी बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं. गणित, इतिहास, संस्कृत माझं मी रेटलं असतं. इंग्रजीचं मात्र भय होतं.

"इंग्रजी माझ्याकडे," मामंजी म्हणाले.

मामंजींनी ठाण्यातच तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. सगळं घर निश्चिंत झालं. मी तर वाकून नमस्कार केला. तो नमस्कार परत मागता आला असता तर त्या वर्षीच मागितला असता.

कारण त्याच महिन्यात मामंजी माझ्या वडिलांना भेटायला कल्याणला गेले आणि येताना बाजारातल्या रद्दीवाल्याकडून एक कातडी बांधणीचं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. आत पाद्र्याची प्रवचनं होती. पण पहिल्या पानाच्या तळाशी डब्लिन, छापणाऱ्याचं नाव आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं साल होतं, आणि शेवटच्या चार पानांवर त्याच छापखान्यात छापलेल्या इतर पुस्तकांची जाहिरात. मामंजी त्या चार पानांवर भाळले.

"आयर्लंड म्हणजे आपला थोरला भाऊ," ते जेवताना म्हणाले. "इंग्रजांचा मार त्यानं आपल्या आधी खाल्ला. आणि त्या काळात हा पठ्ठ्या तिथे छापखाना चालवत होता! त्यानं जन्मभरात काय काय छापलं त्याची मी संपूर्ण यादी करणार. हिंदुस्थानात हे काम कोणी केलेलं नाही."

"का केलेलं नाही, ते एकदा स्वतःला विचारा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना ताक वाढलं.

आता मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंग लावून मोठी अक्षरं तेवढी कशीबशी दिसत. तो पिकेपर्यंत ऑपरेशन करत नसत. म्हणजे पुस्तक त्यांचं, यादी त्यांची, हौस त्यांची आणि डोळे माझे. माझ्या अभ्यासाची वेळ दुपारी दोन ते चार ठरलेली होती, तीच यादीची वेळ झाली. "अभ्यासच आहे हा," मामंजी म्हणाले. "पुस्तकी इंग्रजी कोणीही शिकतं. तू मुळापासून शीक."

पहिल्याच दिवशी त्यांनी जाहिरातीचं पान माझ्यापुढे धरलं. "हं, वाच."

"अ डिफकोर्फ..."

"काय?"

"डिफकोर्फ, मामंजी. पुढे 'आयरिफ' असंही काहीतरी आहे."

मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी भिंग मागवलं आणि मला समजावलं, की त्या काळी शब्दाच्या मधला एस हा एफसारखा लांब काढत. फक्त एफची आडवी दांडी आरपार जाते आणि या एसची अर्ध्यात थांबते. तेव्हा ते डिस्कोर्स, आणि ते आयरिश. पुढचे आठ दिवस मी अर्ध्या दांड्या शोधत होते. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काय गं ते फिस्स फिस्स चाललंय? कढईत काही टाकलंयस का?"

एसचा प्रश्न सुटला, तर स्पेलिंगचा सुरू झाला. पब्लिक या शब्दाच्या शेपटाला सी झाल्यावर वर एक के. म्युझिकलाही तसाच के. 'शो'मध्ये ओच्या जागी ई. आणि प्रत्येक नामाला कॅपिटल अक्षर. घोडा असो, धर्म असो की मुळा असो, सगळे सारखेच मानाचे.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मामंजी, शाळेत पब्लिकला के नव्हता."

"तेव्हा होता. यादी करणाऱ्यानं छापणाऱ्याला सुधारायचं नसतं. जसं आहे तसं उतरव."

'जसं आहे तसं उतरव' हे वाक्य त्या हिवाळ्यात मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही बडबडायचे, असं आमचे हे सांगतात. मी एक के गाळला तर मामंजी पूर्ण ओळ पुन्हा लिहायला लावत. डोळ्यांना दिसत नसे, पण मी लिहिताना पुटपुटायचे ती अक्षरं ते कान देऊन मोजत. होता होता मी इतकी तयार झाले की के आपोआप पडू लागला. मामंजी म्हणायचे, "शाब्बास!" आणि मी, मूर्ख, खूश व्हायचे.

बरं, त्या माणसानं छापलं तरी काय? मामंजींना वाटत होतं, क्रांतीची पत्रकं निघतील. निघाली प्रवचनं. राणीच्या मृत्यूवर प्रवचन, नव्या राजाच्या राज्याभिषेकावर प्रवचन, दारूविरुद्ध प्रवचन, पाऊस लांबला म्हणून प्रवचन. चार पानं संपली तेव्हा मी मनात देवाला नारळ बोलले. पण मामंजींनी तोवर परदेशातल्या ग्रंथालयांना पत्रं टाकलेली, आणि ती भली माणसं उत्तरं पाठवायची. प्रत्येक पाकिटात नवी प्रवचनं. पंचांगं निघाली, फाशी जाणाऱ्यांची शेवटची भाषणं निघाली, घोड्यांच्या रोगांवर एक पुस्तक निघालं. ते लिहून घेताना मला दिवाळी आल्यासारखं वाटलं.

मग एका पत्रातून इंग्रज सरकारचे जाहीरनामेच निघाले. "हा सरकारी कामं घेत होता," असं मामंजी म्हणाले, जणू घरातलंच कोणी फितूर निघालं. दोन दिवसांनी दुसरं पत्र आलं: हा गृहस्थ लंडनची नवी पुस्तकं लंडनला न विचारता स्वतः छापून स्वस्तात विकायचा. मामंजी उठून उभे राहिले. "याला म्हणतात असहकार!"

"याला चोरी म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. "आणि सूनबाई, डाळ बघ."

दारावर भाजी घेऊन येणारी खाडीकडच्या गावची म्हातारी सुद्धा विचारायची, "काय गो बाय, आजपन तुज्या सासऱ्याचा छापखाना चालू हाय का?"

मी ह्यांच्याकडे तक्रार केली. हे म्हणाले, "अगं, बाबांचं मन कशाला मोडतेस? इंग्रजीच चाललंय ना?"

"घोड्यांचे रोग मॅट्रिकला येतात का?"

"येतीलही," असं म्हणून ह्यांनी पेपर उघडला.

एकदा मी व्याकरणाचं पुस्तक यादीखाली लपवून नेलं आणि मामंजींना पॅसिव्ह व्हॉइस विचारला. ते म्हणाले, "प्रत्येक नोंदीच्या शेवटी काय लिहितेस? 'प्रिंटेड बाय'. झाला तुझा पॅसिव्ह." मी पुढचं प्रवचन घेतलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. इंग्रजीच्या पेपरात निबंध आला: तुम्ही पाहिलेली जत्रा. मला आनंद झाला, विठ्ठलवाडीची जत्रा मी लहानपणापासून पाहिलेली. भराभर लिहिलं. घरी आल्यावर मामंजींनी ओसरीवर बसवून विचारलं, "सांग, निबंधाला सुरुवात काय केलीस?"

मी अभिमानानं सांगितलं. मी नुसतं 'जत्रा' असं लिहून सोडलं नव्हतं. मी लिहिलं होतं, 'कल्याणनजीक विठ्ठलवाडी येथे भरणाऱ्या जत्रेचा खरा व संपूर्ण वृत्तान्त, ज्यास पाळण्यांविषयी काही विचार जोडले आहेत'. इंग्रजीत, चार ओळींत, मधोमध.

मामंजींचा चेहरा उतरला. "आणि नामांना..."

"सगळ्यांना कॅपिटल. पाळण्याला, भज्यांना, गर्दीला. एकही सोडलं नाही."

"म्युझिक आलं असेल निबंधात."

"तीनदा. तिन्हीदा के घातला."

मामंजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मला वाटलं, मी काहीतरी विसरले. "आयरिफ कुठे नाही लिहिलं हो," मी घाईनं म्हटलं.

निकाल लागला. बाकी सगळ्यात पास, इंग्रजीत नापास. मला रडू आलं नाही, इतका संताप आला. दोन ते चार, अख्खा हिवाळा, पाऊस लांबला म्हणून डब्लिनला कोण काय बोललं ते उतरवत मी बसले होते, आणि तिकडे जूनमध्ये लहान गट दुसऱ्या कुणाकडे जाणार होता. त्या दिवशी पोळ्या इतक्या जाड झाल्या की सासूबाईंनी मामंजींच्या पानात एक ठेवून म्हटलं, "घ्या. ही पण जशी आहे तशी उतरवा."

मामंजींनी ती खाल्ली. मग टोपी घातली, काठी घेतली आणि कुणाला बरोबर न घेता मागच्या आळीत गेले. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी एकटे. बालवर्गाच्या बाईंनी मला ते पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. मामंजी त्यांच्यासमोर उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "मुलगी नापास झालेली नाही. मास्तर नापास झालाय. ऑक्टोबरच्या परीक्षेच्या निकालापर्यंत जागा ठेवता आली तर बघा." बाई म्हणाल्या, वचन देत नाही, पण नाताळपर्यंत मी स्वतः तो गट सांभाळीन.

दुसऱ्या दिवसापासून दोन ते चार शाळेचं साधं क्रमिक पुस्तक. यादी मामंजींनी फडक्यात बांधून फळीवर ठेवली. मी एक उतारा वाचायचा, लिहायचा, आणि लिहिताना अक्षरं मोठ्यानं म्हणायची. के आला की मामंजी काठी आपटायचे. नामाला कॅपिटल म्हटलं की दोनदा आपटायचे. पावसाळाभर आमच्या घरात सुतारकाम चालू आहे असं शेजाऱ्यांना वाटत होतं. सवय लागायला एक हिवाळा लागला होता. सुटायला पावसाळा पुरेना. ऑगस्टमध्ये एकदा मीही भडकले. "तुम्हीच लावलीत ना ही सवय?" असं चक्क म्हणून गेले. सासऱ्यांना! मामंजी म्हणाले, "हो, मीच लावली. पुढची ओळ घे."

ऑक्टोबरचा पेपर देऊन आले तेव्हा मामंजी ओसरीवरच होते.

"म्युझिक?"

"आलंच नाही. आलं असतं तरी के घातला नसता."

"कॅपिटल?"

"एक नाही, मामंजी. कुठ्ठेही नाही. वाक्याच्या सुरुवातीला सोडून एकही नाही."

"शहरांच्या नावांना तरी?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"अगं, इंडियाला?"

"त्याचाही आय लहान काढला," मी म्हटलं. "म्हटलं, कशाला उगाच."

मामंजींनी कपाळावर हात मारला. सासूबाई आतून म्हणाल्या, "आता देशालाही खाली बसवलंत दोघांनी मिळून!"

पास झाले मी. काठावर, पण झाले. नाताळनंतरच्या सोमवारी साडेदहाला बालवर्गात गेले तेव्हा दारात नाक पुसत उभी असलेली एक चिमुरडी मला म्हणाली, "किती उशीर! आम्ही कधीची वाट बघतोय."