नानांची चौकशी

धुळ्याला देवपुरात आमच्या समोर राहणारे नाना नव्या माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी धर्म विचारत. माणूस बिचकायचा. मग पुढचा प्रश्न यायचा, "तुमच्यात मेल्यावर बायको भेटते का?" आणि त्याचा चहा हातातच राहायचा.

नाना विज्ञानाचे मास्तर. देवधर्म कधी केला नाही. पण काकू, म्हणजे त्यांची बायको, जळगावच्या दवाखान्यात वारल्या, तेव्हा नाना नेमके खाली चहाला गेलेले. "हे कुठं गेले?" असं काकूंनी दोनदा विचारलं म्हणे. "मी चहाला गेलो होतो, तुला सोडून नव्हे," एवढंच नानांना तिला सांगायचं होतं. त्यासाठी ही सगळी उठाठेव.

उर्दू शाळेचे सर म्हणाले, "जन्नतमध्ये भेटाल नाना, पण दोघांचं ईमान पक्कं पाहिजे." नाना म्हणाले, "म्हणजे आमचा अर्ज बाद!" ओळखीच्या ख्रिस्ती सिस्टरनी सांगितलं, तिथं लग्नबिग्न नसतं, सगळे देवदूतांसारखे. "असू द्या, शेजारीण म्हणून तरी भेटेल." गल्लीतले जैन शेठ म्हणाले, ज्याचं कर्म त्याची वाट. नाना उखडले ते मात्र आपल्याच गुरुजींवर. गुरुजी म्हणाले होते, पुनर्जन्म आहे, फक्त मागची ओळख राहत नाही. "ओळखच नाही, तर सांगू कोणाला? तुम्हाला?"

आम्ही बौद्ध. माझी पाळी येणार हे ठाऊक होतं, म्हणून मी टाळायची. शेवटी एकदा सांगून टाकलं, "नाना, आमच्यात आत्माच मानत नाहीत." जिवाला लागलं की नाना अहिराणीवर येत. म्हणाले, "तुनं पटस वं माय, पन परवडत नही."

मागच्या उन्हाळ्यात नानांनी अंथरूण धरलं. मी मुगाचं पाणी घेऊन जायची. एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. "भेटी का वं ती?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, "भेटतील, नाना. त्यांना ठाऊक आहे तुम्ही चहाला गेला होतात."

नाना हसले. "खोटं बोलनी ना तू? तुमच्यात चालत नाही ना?"

"नाही चालत. पंचशीलातलं चौथं शील आहे. मोडलं आत्ताच."

"मग आता शब्द फिरवू नको," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्याच आठवड्यात नाना गेले.

विहारात मी पंचशील म्हणते. चौथंही म्हणते. पण तो शब्द काही फिरवलेला नाही.