हातचे सहा आणि अकरा शेंगा

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. उंद्रीच्या शाळेत चौथीला गुणाकार शिकवताना माझा हातचा हरवू लागला. सात नव्वे त्रेसष्ट. तीन मांडले की हातचे सहा होते, हेच आठवेना. खडू फळ्याला टेकलेलाच राही. त्याआधी काही महिने मन विझल्यासारखे झाले होते. अन्न, माणसे, देव, कशातच रस नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि समजावले, "हा औदासीन्याचा आजार आहे. त्यात लक्ष आणि स्मरण मंदावते. तुम्ही मूर्ख झालेला नाहीत." गोळ्यांनी झोप परतली, भूक परतली; स्मरण परतले नाही. मुख्याध्यापक सज्जन होते. "संक्रांतीपर्यंत विश्रांती घ्या, मग वर्ग घेऊन पाहा," ते म्हणाले. "जमले नाही, तर मला वर कळवावे लागेल." शिकवण्याखेरीज मला दुसरे काहीच येत नव्हते.

पत्नीच्या आग्रहावरून मी रोज सकाळी रस्त्यालगतच्या मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालू लागलो. तिथेही तेच. सहावी की सातवी, असा संशय आला की पुन्हा एकपासून आरंभ. एके दिवशी पायरीवर एक अनोळखी म्हातारी चिखलीच्या एस.टी.ची वाट पाहत, ओटीतल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले.

"काऊन बापू, कवाचे फिरूनच राह्यले! पाय नाही दुखत का?"

"मोजणे चुकते, आजी. अकरा पूर्ण व्हायला हव्यात."

"हाव का? मारुती परीक्षा घेऊन राह्यला का तुमची?" ती खळखळून हसली. "तुमी फिरा. मोजाचं माह्यावर सोडा."

प्रत्येक फेरीला तिने एक शेंग बाजूला ठेवली. कित्येक महिन्यांत प्रथमच माझे लक्ष मूर्तीच्या शेंदरावर स्थिर झाले. शेवटी अकरा शेंगा माझ्या ओंजळीत घालून ती एस.टी.त बसली. ती पुन्हा दिसली नाही. ती कोण, हे मी कोणाला विचारलेही नाही.

घरी जाताना उमगले, की मनात जे राहत नाही ते मनाबाहेर ठेवता येते. शेंगांचे दाणे वाळवून मी डबीत भरले. संक्रांतीनंतर वर्गात हातचे सहा आले, की टेबलावर सहा दाणे मांडू लागलो.

"गुरुजी, वरण शिजवता का?" एका मुलीने विचारले. वर्ग हसला, मीही हसलो. आठवड्याभरात मागच्या रांगेतली कच्ची मुलेही दाणे मांडू लागली. एके दुपारी मुख्याध्यापक आत आले आणि त्यांनीच फळ्यावर चार अंकांना तीन अंकांनी गुणायला दिले. मी सावकाश, एकेक दाणा ठेवीत, शेवटपर्यंत गेलो. उत्तर साऱ्या वर्गाने माझ्याबरोबर इतक्या मोठ्याने म्हटले, की शेजारचा वर्ग थबकला. मुख्याध्यापकांनी दोनदा पडताळा घेतला. "गुरुजी," ते म्हणाले, "मला वर काही कळवायचे नाही."

गोळ्या मी डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घेतल्या. पावसाळ्यापर्यंत दाण्यांची गरज संपली. चौथीचा वर्ग मात्र निवृत्त होईपर्यंत माझाच राहिला. सारे अचूक करून देवापुढे ठेवणे, यालाच मी पूर्वी समर्पण समजत असे. न पेलणारे संकोच न करता दुसऱ्या हाती द्यावे, हे मला त्या पायरीवर कळले. त्या हातांचे ऋण मी रोज स्मरतो. अजूनही प्रदक्षिणा घालतो. अकरा होतात की बारा, मला ठाऊक नाही.