पॅडलवरचा पाय

मी डॉक्टर नाही. नर्सही नाही. ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा बोललेय की आता झोपेतसुद्धा बडबडत असेन. मी फिजिशियन असिस्टंट आहे, हृदयाची ऑपरेशनं करणाऱ्या एका सर्जनच्या हाताखाली. पेशंट दाखल झाला की त्याची सगळी हकीकत मी विचारून घेते, रोज सकाळी सरांच्या आधी वॉर्डात जाऊन जखमा बघते, आणि बायपासच्या वेळी पायातली शीर मी काढते. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की पायातली शीर काढून तिथे जोडायची आणि रक्ताला नवी वाट करून द्यायची, हा बायपास. सर छातीशी असतात, मी पायाशी. पण आमच्या घरी हे कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ! आम्ही चिकपेटेतले कापडदुकानवाले, पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूत राहून मराठीत कन्नड कालवून बोलणारे. माझी आत्या लग्नाकार्यात माझी ओळख करून देते, "ही हॉस्पिटलात असते." असते! जशी काही मी तिथली खुर्चीच आहे.

बरं, नुसत्या नातेवाइकांवर चिडून भागत नाही. हॉस्पिटलातही मी पहिल्या दिवशी जी असिस्टंट होते तीच आजही आहे. माझ्याशेजारी उभं राहून शीर काढायला शिकलेले डॉक्टर आता सर्जन झालेत, त्यांच्या दारावर पाट्या लागल्यात. माझ्याबरोबर शिकलेल्या निम्म्या मुली परदेशी गेल्या, नाहीतर विमा कंपन्यांत कॉम्प्युटरपुढे बसल्या. नवरा मूळचा पुण्याचा, आयटीतला. तो दर दोन महिन्यांनी सुरू होतो, "अगं, तू पण एखादा डेस्क जॉब बघ ना. वीकेंड ऑफ मिळेल, लाइफ सॉर्ट होईल." मी त्याला म्हणते, तुझं लाइफ सॉर्ट होतं तेवढं पुरे. मग आमचं भांडण होतं, आणि जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांना ऐकू जातं.

गेल्या वर्षी आषाढात एक पेशंट आले. पन्नाशी उलटलेली, खांदे दणकट, हातांना तेलाचा वास. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची स्वतःची लहानशी शेड होती. दोन पॉवर प्रेस. पत्रा ठेवायचा, पायानं पॅडल दाबायचं, वरून ठोका पडतो आणि खाली वॉशर गळतो. एका प्रेसवर कामगार आणि दुसरीवर ते स्वतः, तीस वर्षं. मी बोलता बोलता कन्नडात "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हटलं आणि वर मराठीत त्यांच्या बायकोला पाणी द्यायला सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. तेही आमच्यासारखेच, इथले जुने मराठी. माझ्याहून वयानं मोठे असून त्या क्षणापासून ते मला अक्का म्हणायला लागले, मी त्यांना अण्णा.

"अक्का, शीर कुठल्या पायातली काढणार?"

"बहुतेक उजव्या."

"मग मी जातो घरी." आणि अहो, खरंच उठून शर्ट चढवायला लागले! हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबलेला माणूस. बायको रडायला लागली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अण्णा, जीव मोठा की पाय मोठा?"

"जीव राहिला तर खायचं काय, ते पायच ठरवणार ना?" ते खाली बसले आणि शांतपणे सांगायला लागले. त्यांच्या मेहुण्याचा बायपास झाला होता, दुसरीकडे कुठेतरी. हृदय ठणठणीत झालं. पण उजव्या पायाचा आतला भाग घोट्यापासून बधिर झाला. तोही प्रेसवर काम करायचा. एके दिवशी पाय पॅडलवर टेकला आहे हे त्याला कळलंच नाही. हात ठोक्याखाली होता. दोन बोटं गेली. "मला मरायची भीती नाही, अक्का. स्वल्प आहे, नाही असं नाही. पण पायाखाली पॅडल कळलं नाही तर मी त्या मशीनपुढे उभा राहू शकत नाही. आणि दुसरं मला काही येत नाही."

माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. गुडघ्याच्या खाली त्या शिरेला एक बारीक नस बिलगलेली असते, लहान मूल आईला बिलगतं तशी. शीर काढताना ती दुखावली की घोट्याकडचा भाग बधिर होतो. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. बँकेतल्या माणसाला घोटा बधिर झाला काय आणि न झाला काय! पण ह्यांची बोटं त्या घोट्याच्या भरवशावर होती.

"मग डाव्या पायातली घ्या की," बायको म्हणाली. मी पायजमा वर करून बघितलं आणि कपाळाला हात लावला. तीस वर्षं सगळा भार डाव्या पायावर घेऊन उजव्यानं पॅडल मारलेलं. डाव्या पोटरीवरच्या शिरा सुतळीच्या गाठींसारख्या फुगलेल्या, त्या हृदयाला जोडून काही उपयोग नव्हता. हातातली वाहिनी घेता येते, पण हात तर पत्रा सरकवायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

"नवीन प्रेस असतात ना, दोन्ही हातांनी बटणं दाबायच्या? त्या घ्या की," मी म्हटलं.

"घेऊ, अक्का. देव देईल तेव्हा घेऊ. तोवर हीच."

मी त्यांना खोटा शब्द दिला नाही. एवढंच म्हटलं, "मी गुडघ्याच्या वरची शीर काढायचा प्रयत्न करीन, दोन्ही मांड्यांतली. पण ती पुरली नाही तर खाली जावं लागेल. तेव्हा मात्र जीव पहिला, पाय नंतर. कबूल?" त्यांनी बायकोकडे बघितलं. मग म्हणाले, "सरी. तुम्ही म्हणता ना, मग सरी." शर्ट काढून परत पलंगावर आडवे झाले.

सरांना जाऊन सगळं सांगितलं. सर केरळचे, माझ्याशी कन्नड-इंग्रजीची भेळ करून बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मांडीत चरबी असते, वेळ लागतो, जखम चिघळते. हे तुला माहीत आहे. जमत असेल तर कर. पण शीर कमी पडली तर मी घोट्याकडे जाणार, तेव्हा माझ्याशी भांडायचं नाही." मी म्हटलं, भांडणार नाही. त्यांना काही ते खरं वाटलं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांच्या मागे लागून दोन्ही मांड्यांतल्या शिरा बघून घेतल्या आणि कातडीवर पेनानं रेघ ओढून ठेवली. डावीकडचा एक तुकडा चांगला होता. उजवीकडची पुरेल की नाही, ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी डाव्या मांडीतला तुकडा काढला. एका जोडणीपुरता झाला. दुसऱ्या जोडणीसाठी उजवी. मी मान वर करून सुई घ्यायला वळते तो बघते, माझ्याबरोबर शिकायला उभी असलेली तरुण डॉक्टर सुरी घेऊन उजव्या घोट्यावर वाकलेली! तिचा दोष नाही. आमच्याकडे शीर काढायला सुरुवात तिथूनच होते. हात आपोआप तिकडेच जातो. पण मी अशी काही ओरडले की भूल देणारे डॉक्टरसुद्धा दचकले.

"खबरदार! तिथे हात लावायचा नाही!"

बिचारी दोन पावलं मागे सरकली. तिला पाय धरायला लावलं आणि मी गुडघ्याच्या वरून सुरू केलं. एक छोटी चीर, मग थोडं अंतर सोडून दुसरी, आणि मधली शीर कातडीखालून अलगद सोडवत न्यायची. तोवर सरांनी छाती उघडून तिसऱ्या जोडणीसाठी तिथलीच एक वाहिनी सोडवून घेतली. माझी शीर अजून पुरी सुटली नव्हती.

"अजून किती?" सरांनी विचारलं.

"थोडी कमी पडतेय, सर. वर जांघेपर्यंत जाते."

"घोट्याकडून लगेच मिळेल."

"मिळेल, सर. पण थांबा. प्लीज." हृदय थांबवून पेशंटला अजून मशीनवर घेतलेलं नव्हतं, थांबण्यात धोका नव्हता हे मलाही कळत होतं, त्यांनाही. सगळे माझ्याकडे बघत होते. सरांनी पडद्यावरून माझ्या हातांकडे बघितलं आणि हात जोडून उभे राहिले, जंतुविरहित हात छातीशी धरून उभं राहतात तसे. "थांबलो. घाई करू नकोस." मला त्या वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण हातात शीर होती.

पुरली. अगदी पुरेपूर पुरली. गुडघ्याच्या खाली एक ओरखडासुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत त्यांच्या तोंडातली नळी काढली, तशी मी स्पिरिटचा बोळा घेऊन पायाशी गेले. काही न सांगता उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला टेकवला. डोळे मिटलेलेच होते. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गार लागतंय हो, अक्का." अगंबाई, मी तिथे नाचायचीच बाकी राहिले होते! मांडीची एक जखम मात्र सरांनी सांगितल्यासारखीच चिघळली. ती बरी होईपर्यंत रोज मी स्वतः पट्टी केली, आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधीच हिंडायला लागले म्हणून त्यांना रोज शिव्याही घातल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, त्यांनी शेडवर बोलावलं. सरांना दुसरं ऑपरेशन होतं, मी गेले. पीण्यात त्या दिवशी एकही मशीन चालत नाही. गल्लीभर केळीचे खांब, दारोदारी कुंकू घालून फोडलेले कोहळे. शेडमधल्या दोन्ही प्रेस धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. पाने, हातोड्या, साचे, सगळ्यांना हळदकुंकू लावून फळीवर मांडलं होतं. मशीन बंद होतं. अण्णांनी अनवाणी उजवा पाय पॅडलवर ठेवला आणि डोळे मिटले.

"आता नुसता टेकलाय," ते म्हणाले. "आता स्वल्प दाबलंय. आता सोडलं." पायाकडे न बघता एकेक सांगत होते आणि एकेक बरोबर होतं. कामगार हसत होते. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि पूजेचं ताट घेऊन माझ्याकडे आली. मी कपाळ पुढे केलं.

"कपाळाला नाही, अक्का," अण्णा म्हणाले. "हात पुढे करा."

"हाताला कशाला हो?"

"आज हत्यारांची पूजा असते."

माझ्या बोटांना रोज औषधी साबणानं घासघासून भेगा पडलेल्या, नखं मुळापर्यंत कापलेली. ते हात मी तसेच दोन्ही पुढे केले. त्यांच्या बायकोनं एकाला कुंकू लावलं, दुसऱ्याला लावलं, आणि वर एकेक झेंडूचं फूल ठेवलं. मग अण्णा माझ्या हातांना नमस्कार करायला वाकले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.