दंडाचं माप

उसवण मास्तरांकडे नवे कपडे शिवायला कुणी येत नसे. त्यांच्याकडे यायची ती सुटलेली पोटं आणि वाढलेली पोरं. कमरेत सैल करा, बाह्या आखूड करा, चेन बदला. जिन्याखालच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. कुणाचं पोट किती सुटलंय हे मास्तरांना त्याच्या बायकोच्या आधी कळायचं, आणि ते अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगायचे. "साहेब, पँटमध्ये आता कापड शिल्लक नाही. तुम्हीच थोडे आत या!"

बायको गेल्यापासून ते असं काही बोलत नव्हते. रडतही नव्हते. वरच्या मजल्यावरच्या रेडिओकाकू (हे नाव कशावरून पडलं ते सांगायला नको) भेटायला येऊन धाय मोकलून रडल्या, तर मास्तर त्यांनाच पाणी देत बसले. "माणूस आहे का कापडाचा तागा?" काकू जिन्यात म्हणाल्या. मास्तरांनी ऐकलं. ऐकून काही वाटलं नाही. हल्ली चहात साखर घातली होती का, तेही पिऊन झाल्यावर त्यांना सांगता येत नसे.

मग काकूंच्या कानावर आलं, की मास्तरांना एका बाईचा फोन येतो आणि मास्तर हळू आवाजात बोलतात. झालं! दुपारपर्यंत बाईचं वय ठरलं, संध्याकाळपर्यंत साडीचा रंग.

बाई होती दवाखान्यातली नर्स. दवाखाना इतका लांब, की बस बदलून जाईपर्यंत धडधाकट माणसाचं प्रेशर वाढावं. म्हणून मास्तरांच्या बायकोला तिथून प्रेशर मोजायचं यंत्र घरी वापरायला दिलं होतं. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. आकडा फोनमधून आपोआप दवाखान्यात जायचा. पण बायकोचा दंड म्हणजे काडी. पट्टा घसरून कोपरावर यायचा. तेव्हा मास्तरांनी जे केलं ते एखाद्या शिंप्यालाच सुचावं. आतल्या रबराला धक्का न लावता त्यांनी पट्ट्याच्या टोकाकडे चुणी घेतली आणि वर दुहेरी टीप मारली.

"बघ, कसा मापात बसला!"

"लग्न झाल्यापासून माझं पहिलं काम वेळेवर दिलंत," ती म्हणाली होती.

ती गेली तापाने, दुसऱ्याच दवाखान्यात. प्रेशरचा काही संबंध नव्हता. पुढच्या आठवड्यात नर्सचा फोन आला. "मास्तर, काकूंचा आकडा आला नाही."

मास्तर सांगणारच होते. पण तोंडातून निघालं, "लावतो." आणि घरात दुसरा दंड नव्हता, म्हणून पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला.

तेव्हापासून रोज तेच. पट्टा फुगायचा, दंड करकचून आवळायचा, हात जड व्हायचा. दिवसभरात अंगाला जाणवायचं ते तेवढंच. खरं सांगितलं की यंत्र परत जाणार, फोन बंद होणार, आणि "काकूंनी आज काय खाल्लं?" असं विचारणारं कुणी उरणार नाही. म्हणून मास्तर गप्प.

पण मास्तरांचा दंड तिच्या दंडाच्या दुप्पट. आकडे चढू लागले.

"काकूंना घेऊन या."

"तिला यायला नाही जमणार."

"मीठ कमी केलंय ना?"

"आता खातच नाही ती."

"मग मीच येते उद्या."

नर्स आली तेव्हा रेडिओकाकू जिन्यात वाळलेलेच कपडे पुन्हा वाळत घालत होत्या. पन्नाशीची, सपाट चपलांची, घामाघूम झालेली बाई पाहून त्यांचा चेहरा पडला.

"काकू कुठे आहेत?" नर्सने विचारलं.

मास्तरांनी मशीनवरचा पायजमा बाजूला ठेवला. "गेली. दोन महिने होतील." कुणाच्या कमरेचं माप सांगावं, तसं सांगितलं.

"मग रोजचे आकडे कुणाचे?"

मास्तरांनी बाही वर केली. दंडावर लाल वळ होता. जिन्यात बादली पडल्याचा आवाज आला.

नर्स स्टुलावर बसली. म्हणाली, "त्यांच्या गोळ्या वाढवायला निघाले होते मी. तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?"

"मला काय धाड भरलीय!"

"ते कळेलच." तिने पट्टा उलटसुलट करून पाहिला. "ही शिलाई कुणी घातली?"

"मापाचा नव्हता."

"आता तुमच्या मापाचा नाही. आखूड पट्टा आकडा वाढवून दाखवतो. खरा किती ते कळायला नको? यंत्र राहू दे इथे, पण तुमच्यासाठी. आधी हे उसवा."

मास्तरांनी ब्लेड घेतलं. गप्पा मारता मारता लोकांच्या शिवणी उसवणारा हा माणूस. पण ब्लेड टिपेवर टेकवून तसाच बसून राहिला.

रेडिओकाकू आत आल्या. "द्या मास्तर, मी करते."

"तुम्ही? पट्ट्याची फडकी कराल," मास्तर म्हणाले. आणि मग एकेक टाका तोडू लागले. दोरा निघाला, भोकांची रांग तशीच राहिली.

नर्सने पट्टा बांधला. "पाच मिनिटं शांत बसा. बोलायचं नाही." मग काकूंकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा."

काकूंनी तोंडाला पदर लावला. पट्टा फुगला, सैल झाला. या वेळी दंड दुखला नाही. आकडा रोजच्यापेक्षा कमी होता, तरी जास्तच.

"उद्या दवाखान्यात यायचं," नर्स म्हणाली. तिने फोन काढला. "पेशंटचं नाव सांगा."

मास्तरांनी बायकोचं सांगितलं.

नर्स थांबली. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं.