वजनावर अडलेली कालवड

आर. के. पुरममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांइतकी गुरांच्या पोटाची काळजी खुद्द गुरांनीही कधी केली नसेल. मूळचे सांगलीकडचे, सरकारी खात्यात पशुखाद्याचे तज्ज्ञ. नव्वदच्या दशकात सगळी दिल्ली केबल टीव्ही आणि नव्या गाड्यांवर बोलत असताना हे सरकीच्या पेंडीवर बोलत. स्कूटरच्या डिकीत गुरांची छाती मोजून वजन काढायची फीत आणि घरभर नमुन्यांच्या पिशव्या. एकदा त्यातली आमच्याकडे ठेवायला दिलेली शेंगदाण्याची पेंड माझ्या बायकोनं चटणी समजून तिखटमीठ घालून वाढली. खरं कळल्यावर मी घाबरून वर धावलो, तर ते म्हणाले, "घाबरताय कशाला? प्रथिनं उत्तम असतात तिच्यात."

कालवड वयानं नाही, वजनानं मोठी होते, हे त्यांचं लाडकं मत. खुराक मिळाला नाही तर ती तीन वर्षांची झाली तरी माजावर येत नाही, आणि माजावरच आली नाही तर गाभण कशी राहणार? हे त्यांनी हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनाही समजावून सांगितलं होतं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, "अहो, चहा घ्या" म्हणत त्यांच्या हातात तिसरा कप दिला, तेव्हा ते थांबले.

गुडगावच्या पलीकडच्या एका गावात एक म्हातारी राहायची. मुलानं शेत बिल्डरला विकलं होतं, आणि गोठ्यात एकच कालवड उरली होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. "बांझ है साहब, निकाल देंगे," मुलगा म्हणाला. कामानिमित्त तिथे गेलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी फीत लावली, आकडा दोनदा वाचला आणि ते म्हणाले, "बांझ नहीं है, भूखी है. चार महीने दो."

"दे दिए," मुलाच्या आधी म्हातारीच बोलली.

मग दर रविवारी स्कूटर निघे. मागे मी, मांडीवर पेंडीचं पोतं. पेंड किती आणि क्षारांची पूड किती, हे म्हातारीला नीट कळावं म्हणून त्यांनी घरातल्या दोन वाट्या तिला देऊन टाकल्या. त्या वाट्यांचा शोध वरच्या मजल्यावर महिनाभर चालला होता, आणि हेही सगळ्यांबरोबर शोधत होते.

कालवड अंगानं भरली, कातडीवर चकाकी आली, पण माजाचं नाव नाही. चार महिने संपले. म्हातारीनं मुलाशी भांडून आणखी पंधरा दिवस मिळवले.

गणपतीत त्यांच्याकडे आरती चालू असताना फोन वाजला. "डॉक्टर साब, सुबह से रंभा रही है," पलीकडून म्हातारीचा आवाज. हंबरतेय, म्हणजे कालवड माजावर आली होती. त्यांनी आरतीचं ताट माझ्या हातात दिलं आणि सोवळ्यातच स्कूटरला किक मारली. वाटेत गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या कृत्रिम रेतन करणाऱ्या माणसाला मागे बसवलं. आरती आम्ही पुरी केली. वहिनी हसत होत्या की रडत होत्या, मला नीट सांगता येणार नाही.

कालवड पहिल्याच खेपेला गाभण राहिली, तिला पाडी झाली. पुढे तो गोठाही विकला गेला आणि म्हातारी मायलेकींना घेऊन रेवाडीकडे आपल्या मुलीच्या गावी गेली. निवृत्त होऊन सांगलीला परतण्याआधी शेजारी मला घेऊन तिकडे जाऊन आले. गाय चरत होती. ते बराच वेळ जवळ उभे राहिले. तिनं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"ओळखलं नाही तुम्हाला," मी म्हणालो.

"खातेय ना," ते म्हणाले, आणि परतीच्या सबंध वाटेवर पेंडीबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत.