बॉलरचा रनअप

दादाला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा जो तो मला एकच सांगत होता, नशीब समज, वाचा गेली नाही. कसलं डोंबलाचं नशीब! उजवा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता, आणि वाचा असल्यामुळे तो दिवसभर त्या हाताबद्दलच बोलत होता. मानपाड्याच्या कारखान्यात मशीनवर उभा राहणारा माणूस, लग्न केलेलं नाही, आणि आता ऐंशीला टेकलेल्या आईने घास भरवायचा. मी राहते वर्तकनगरला. दर रविवारी डोंबिवलीला जायचे, रिक्षातच काय ते रडून घ्यायचे आणि तोंड पुसून बेल वाजवायचे.

व्यायाम शिकवायला एक फिजिओ बाई यायच्या. बोटं हलवा, हा रबरी बॉल दाबा. दादा ढिम्म. "मी काय तान्हं बाळ आहे, बॉल दाबत बसायला?" बाई दमल्या. एकदा जाताना मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "यांना हात हलवावासा वाटेल असं काहीतरी शोधा. हे पहिले महिने हातचे गेले की मग कठीण आहे."

दादाला विचारलं तर म्हणाला, "माझा क्रिकेटचा गेम चालू करून दे. मग हलवतो हात."

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाचा तो गेम. दोनच बटणं, उजव्या हाताने दाबायची. दादा कामावरून आला की खेळत बसायचा. उपकार केल्यासारखी मला एखादी ओव्हर द्यायचा, आणि आऊट झाल्यावर मी कीबोर्डच्या नावाने बोटं मोडली की चिडवायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं!" माळ्यावर सीडी सापडली. पण बाबांनी कधीतरी दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करताना सीडीलाही हळदकुंकू वाहिलेलं, तेही चकचकीत बाजूला. त्यांच्या मते तीच पुढची बाजू! आता हसू की रडू? माझ्या लॅपटॉपला तर सीडी घालायला जागाच नाही. ऑफिसमधून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला, बाबांची पूजा हलक्या हाताने पुसली, आणि कसाबसा गेम उतरवून घेतला.

सुरू झाला. म्हणजे झाला काय, बॉलर दिसायच्या आत स्टंप उडालेले. त्या काळचं मशीन जेवढं पळायचं तेवढाच गेम पळायचा, आणि आजचं मशीन वाऱ्यासारखं पळतं. दादा हसला. झटका आल्यानंतर पहिल्यांदा हसला. "तुझं मशीन गंडलंय," म्हणाला, "माझा हात तयार आहे."

दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. मी हट्टालाच पेटले. जुन्या मशीनची नक्कल करणारा एक प्रोग्राम टाकला, त्यात वेग कमीजास्त करता येतो. कमी केला की आवाज फाटायचा, चित्र अडखळायचं. वाढवला की बॉल गुल. दर रविवारी थोडंसं सुधारून न्यायचे. दादा टेबलाशी बसायचा, डाव्या हाताने उजवा उचलून बटणांवर ठेवायचा, आऊट व्हायचा आणि लॅपटॉपला सणसणीत शिवी हासडायचा. लहानपणी आम्ही पडलो की आई आधी लादीला चापट मारायची, "हात् रे, माझ्या लेकराला पाडलंस!" आता तशीच येऊन लॅपटॉपला मारायची. "मेल्या, छळतोस काय त्याला!" आणि खरं सांगते, त्या दिवसांत घराला जरा घरपण आलं. दादा दाढी करायला लागला. गेम नीट होईल तेव्हा हात तयार असावा म्हणून बॉलही दाबायला लागला. फिजिओ बाई मला विचारतात, काय जादू केलीत?

खरा वेग कुठला, ते शेवटी दादानेच सांगितलं. बॉलर धावताना पावलागणिक टिक् वाजायचं. दादाने डोळे मिटले आणि डाव्या बोटाने टेबलावर सगळा रनअप वाजवून दाखवला. इतक्या वर्षांनी त्याला तो तोंडपाठ होता. मी मोबाइलवर रेकॉर्ड केला, आणि घरी जाऊन गेम त्याच्याशी जुळवत बसले. जुळला तेव्हा आनंदाने एकटीच ओरडले. मूर्ख कुठली!

त्या रविवारी आई देवळात गेलेली. मी लॅपटॉप उघडला. चित्र कुठे अडखळत नव्हतं, आवाज स्वच्छ. टिक्‌टिक् ऐकून दादाचा चेहरा असा उजळला! "हाच! अगं हाच तो!" बॉलर धावत आला, बॉल पडला, स्टंप उडाले. मग दादाचं बोट बटणावर टेकलं. पुन्हा तेच. बॉल, स्टंप, आणि मग बोट. बोट हलत होतं, जीव तोडून हलत होतं, पण बॉल गेल्यावर पोचत होतं. दादाने शिवी दिली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मला बघवेना.

"थांब रे, एक सेटिंग राहिलंय," म्हणाले आणि वेग निम्म्यावर आणला. बॉलर रेंगाळत आला. बोट वेळेवर पडलं, फोर गेली. मी टाळ्या वाजवल्या.

"स्लो केलास ना?"

"नाही रे, काहीतरीच काय!"

"कान शाबूत आहेत माझे."

डाव्या हाताने त्याने लॅपटॉप मिटला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. इतके दिवस त्याच्याजवळ एक आशा होती, आणि ती मी घासूनपुसून मोडून ठेवली होती. बाहेर आले तर म्हणाला, "पहिल्या दिवशी होता तसा फास्ट करून ठेव. आणि नीट चाललेला म्हणून आईला सांगू नकोस."

केला. काय करणार? आता तो टेबलाशी बसतो, आऊट होतो, शिवी देतो. आई आत असेल तर जरा मोठ्याने देतो. फिजिओ बाईंचं येणं थांबलंय. गेल्या रविवारी शेजारच्या काकू बसलेल्या, त्यांच्यादेखत आईने मला झापलं. "कॉम्प्युटरमधली मोठी शहाणी, हिला न्यायला कंपनी गाडी पाठवते, आणि भावाचा एवढासा खेळ हिला नीट करता येत नाही!" मी मान खाली घालून पोहे खात होते.

"तिचं काही चुकत नाही गं आई," दादा म्हणाला. "मशीनच तसलं आहे."